हनुवटी जरा वर घ्या

आज दुपारी आमच्या कार्यालयात ताणतणावाच्या व्यवस्थापनावर एक प्रशिक्षण सत्र झाले. खुर्च्या मागे सारून आम्हा सगळ्यांना उभे करण्यात आले आणि पाय फाकवून, हात कमरेवर ठेवून, छाती पुढे काढून दोन मिनिटे हसऱ्या चेहऱ्याने उभे राहण्यास सांगण्यात आले. इथवर माझी काही तक्रार नव्हती. प्रशिक्षणांच्या नावाखाली याहून विचित्र गोष्टी करून झाल्या आहेत. पण माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीच्या घरी गेले काही महिने काय चालले आहे ते आम्हा दोघी-तिघींनाच ठाऊक आहे, आणि तिचे ओठ काही केल्या वर जाईनात. प्रशिक्षक तिच्यासमोर येऊन थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, चेहरा बदला, मूड आपोआप बदलेल." ती हसली. ते हसू दिवसभर माझ्या डोळ्यांसमोरून हललेले नाही.

मला लगेच तो फोटो आठवला. बाबा जाऊन तीन आठवडे झाले होते आणि बँकेच्या कागदपत्रांसाठी पासपोर्ट आकाराचे फोटो हवे होते. स्टुडिओतले छायाचित्रकार वयस्क होते, त्यांना माझ्याविषयी काहीच माहीत असण्याचे कारण नव्हते. एका बाजूला कलंडणाऱ्या स्टुलावर त्यांनी मला बसवले, दोन बोटांनी माझी हनुवटी वर उचलली आणि म्हणाले, "खांदे मागे घ्या, आणि अगदी किंचित हसा, नाहीतर फोटो रडका येतो." मी सांगितले तसे केले. आणि हे लिहिताना आजही संकोच वाटतो, पण त्या एका क्षणी मला खरोखर बरे वाटले. तीन आठवडे मी पोक काढून वावरत होते. पाठ ताठ झाली तसा श्वास पोटापर्यंत गेला आणि छातीवरचे काहीतरी किंचित सरकले. जिना उतरताना मात्र मला स्वतःचाच भयंकर राग आला.

त्यामुळे चेहऱ्याचा मनावर काहीच परिणाम होत नाही, असे म्हणणाऱ्यांतली मी नाही. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १८८४ मध्येच मांडले होते की आपल्याला वाईट वाटते म्हणून आपण रडत नाही, रडतो म्हणून वाईट वाटते. हे विधान मला पहिल्यांदा वाचले तेव्हाही अतिशयोक्त वाटले होते आणि आजही वाटते, पण त्या स्टुलावर बसल्यावर ते साफ खोटे आहे असेही म्हणवत नाही.

माझा आक्षेप आहे तो अर्धीच गोष्ट सांगण्याला. प्रशिक्षकांनी १९८८ चा तो प्रसिद्ध पेनाचा प्रयोग मोठ्या रंगात येऊन सांगितला: काहींनी पेन दातांत धरले, काहींनी ओठांत, आणि दातांत धरणाऱ्यांचा चेहरा नकळत हसरा झाल्यामुळे त्यांना व्यंगचित्रे अधिक गमतीदार वाटली. उत्तम. पण तोच प्रयोग १७ प्रयोगशाळांनी सुमारे १,९०० लोकांवर पुन्हा केला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत फरक जवळजवळ शून्यावर आला, हे सांगताना त्यांची जीभ का अडखळावी? कमरेवर हात ठेवून उभे राहण्याचेही तेच. २०१० चा मूळ अभ्यास अवघ्या ४२ जणांचा होता आणि त्यात असे ऐटीत, अंग पसरून बसण्या-उभे राहण्याने शरीरातली संप्रेरकेसुद्धा बदलतात, असा दावा होता. २०१५ मध्ये २०० जणांवर तो पुन्हा करून पाहिला तेव्हा संप्रेरके ढिम्म हलली नाहीत, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिकेनेच आपला त्या परिणामावर विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले. आम्हाला मात्र आज तेच दोन मिनिटांचे औषध ठणकावून पाजण्यात आले.

बरे, न्यायाने बोलायचे तर या कथेला पुढचाही भाग आहे. १९ देशांतल्या ३,८०० हून अधिक लोकांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मुद्दाम हसरा चेहरा केल्याने आनंदाची भावना थोडी वाढते, असेच आढळले. पेनाच्या युक्तीविषयी मात्र तिथेही ठाम काही हाती लागले नाही. आणि त्या २०० जणांपैकी ज्यांना ऐटीत बसवले-उभे केले होते, त्यांनाही थोडे अधिक बळ आल्यासारखे वाटले होतेच. थोडे. या एका शब्दावर माझे काही म्हणणे नाही, कारण माझ्या फोटोतही नेमके तेवढेच घडले होते. तो शब्द गाळून कुणी "आपोआप" म्हणू लागले की माझे डोके फिरते.

ज्या बाईच्या घरी एखादे माणूस अंथरुणाला खिळलेले आहे, तिला ओठांचे कोपरे वर उचलायला सांगणे म्हणजे तिच्या दुःखाचे खापर तिच्याच स्नायूंवर फोडणे आहे. तुझे मन जड आहे ना, मग तू चेहरा नीट केला नसशील. असा त्याचा सरळ अर्थ होतो. शिवाय हे आदेश नेहमी कुणाला मिळतात, हेही माझ्या मैत्रिणींना मी सांगायला नको. कोपऱ्यात कपाळाला आठ्या घालून उभ्या असलेल्या आमच्या वरिष्ठांसमोर प्रशिक्षक थांबले नाहीत. आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच विमानातल्या सेविकांच्या हसण्याविषयी लिहून ठेवले आहे, की पगारासाठी चेहरा आणि मन दोन्ही घडवत राहणे हेही श्रमच असतात. आमच्या पगारपत्रकात त्याचा रकाना नाही, एवढेच.

हे लिहिता लिहिता मी उठून ड्रॉवरमधले ते पाकीट काढले. त्या वेळचे तीन फोटो अजून शिल्लक आहेत. खांदे सरळ आहेत, हनुवटी वर आहे, ओठ हसत आहेत आणि डोळे जिथल्या तिथे आहेत. डुशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये लिहिले होते की गालाचा स्नायू आपले ऐकतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय हलत नाही. सरावाने पुष्कळांना तोही हलवता येतो, असे आता म्हणतात. येत असेल. मला त्या दिवशी आला नव्हता.

आणि तरीही त्या छायाचित्रकारांवर मला कधी राग धरता आला नाही. दुपारपासून मी याच कोड्याशी झगडते आहे, की शब्द जवळजवळ तेच असताना एकाचे बोलणे मला सावरून गेले आणि दुसऱ्याचे इतके झोंबले कसे. छायाचित्रकारांनी मला आनंदाचे आश्वासन दिले नव्हते. त्यांना फक्त फोटो नीट यायला हवा होता. खोलीत तिसरे कुणी नव्हते. दिवा बंद झाल्यावर मी पुन्हा पोक काढून बसले तेव्हा ते काहीही बोलले नाहीत, फोटो कापून होईपर्यंत त्यांनी मला तसेच बसू दिले. त्यानंतरच्या महिन्यांत मी कितीदा तरी, घरी एकटी असताना, आरशासमोर खांदे मागे घेऊन पाहिले आहे. कधी उपयोग झाला, पुष्कळदा झाला नाही, आणि झाला नाही तेव्हा त्याचा जाब विचारायला कुणी समोर उभे नव्हते. प्रशिक्षकांचा हेतू वाईट नसावा, हेही आता राग थोडा उतरल्यावर मान्य करते. इतकेच मान्य करते.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. तिने विचारले, "माझे हसू फार खोटे दिसत होते का ग?" मला चटकन उत्तर सुचले नाही, म्हणून फोन ठेवल्यावर मी तिला माझा तो फोटो पाठवला आणि तो कधीचा आहे तेही लिहिले. बराच वेळ तिचे काही आले नाही. मग तिने लिहिले, "डोळे सांगतातच ग सगळे. खांदे मात्र छान आले आहेत."