क्लेम डिपार्टमेंटमधून फिल्म न्वार

परवा भाचा आला होता. टीव्हीवर काहीतरी लावून म्हणाला, "मावशी, हे निओ-नॉयर आहे, तुला आवडेलच." (नॉयर म्हणजेच न्वार: चाळीसच्या दशकातले ते अंधारे अमेरिकन गुन्हेपट. निओ म्हणजे त्यांची नवी आवृत्ती.) बघितलं. पाऊस होता, निळे-गुलाबी निऑन दिवे होते, लांब कोट घातलेला एक माणूस दोन तास सिगरेटी ओढत होता. खून तीन पडले. माझं विणकाम मात्र चांगलं वीतभर पुढे गेलं.

तो गेल्यावर मी पुन्हा 'डबल इन्डेम्निटी' लावला. कितव्यांदा ते विचारू नका.

आधीच सांगते, माझं मत निःपक्षपाती नाही. मी ३१ वर्षं एका विमा कंपनीत काढली, त्यातली बरीचशी क्लेम डिपार्टमेंटला. आणि १९४४ सालचा, बिली वाइल्डरचा हा सिनेमा विम्यावर आहे. नावच मुळी पॉलिसीतल्या कलमाचं. आपल्याकडे एजंट 'डबल ॲक्सिडेंट बेनिफिट' म्हणून समजावतो ना, त्यातलाच प्रकार: ठरावीक तऱ्हेचा अपघाती मृत्यू आला तर रक्कम दुप्पट. (पुढे सगळी गोष्ट येणार आहे. ८० वर्षं झाली, आता कुणी रागावू नये.)

वॉल्टर नेफ हा एजंट मोटारीच्या पॉलिसीचं रिन्यूअल करायला एका बंगल्यावर जातो. साहेब घरी नाहीत, बाईसाहेब आहेत. पायात नाजूक साखळी. बोलता बोलता बाई विचारते, नवऱ्याच्या नावाने अपघाताची पॉलिसी काढायची, पण त्याला न कळता, तर जमेल का? कुठल्याही एजंटला इथे घाम फुटायला हवा. नेफला सगळं कळतं. तो फटकारून निघूनही जातो. आणि तरी त्याच रात्री दोघं मिळून बेत ठरवतात.

यात रहस्य असं काही नाहीच. सुरुवातीलाच जखमी नेफ रात्री ऑफिसात येतो, डिक्टाफोनसमोर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या यंत्रासमोर, बसतो आणि कबुली देतो: पैशासाठी आणि बाईसाठी खून केला, दोन्ही हाती लागलं नाही. आम्ही बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेली पिढी. खुनी शेवटच्या पानांत सापडायचा, त्यांचा डिटेक्टिव्ह धनंजय होता म्हणून झोप लागायची. इथे खुनीच गोष्ट सांगतोय आणि धनंजय कुणीच नाही.

नेफच्या कबुलीत एक जागा आहे, तिच्यासाठी मी हा सिनेमा परत परत बघते. तो म्हणतो, हे काही त्या बाईला बघून सुचलेलं नाही. जुगाराच्या अड्ड्यावर चाक फिरवणारा माणूस असतो, गिऱ्हाइकांनी लबाडी करू नये म्हणून तो डोळ्यांत तेल घालून बसतो. लोकांच्या सगळ्या युक्त्या त्याला पाठ असतात. आणि मग एके रात्री तो विचार करायला लागतो, की हे चाक आपण स्वतःच कसं फिरवू शकू. आम्हा क्लेमवाल्यांच्या अंगावर काटा आणणारं वाक्य आहे हे.

म्हणून लोक म्हणतात तसं 'बाईच्या जाळ्यात सापडलेला बिचारा पुरुष' वगैरे मला पटत नाही. बार्बरा स्टॅनविकची फिलिस काही साधी नाही, पण आगगाडीतून पडल्याचा बनाव केला तर रक्कम दुप्पट होईल, ही अक्कल कुणाची? तिची नाही, त्याची. पन्नास हजार डॉलरचे एक लाख तो करतो. त्याला जाळ्यात ओढावं लागत नाही. तो येताना स्वतःचं जाळं घेऊन आलेला असतो.

खून पडद्यावर दिसत नाही. नेफ गाडीत मागच्या सीटखाली दडलेला, नवरा पुढे शेजारी बसलेला, फिलिस चालवतेय. ठरल्याप्रमाणे ती तीनदा हॉर्न वाजवते, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो. शेजारी काय चाललंय ते आपण फक्त ऐकतो. ती समोर रस्त्याकडे बघत राहते. पुढे प्रेत रुळावर टाकून दोघं गाडीत बसतात, आणि गाडी सुरूच होत नाही. एकदा, दोनदा. मी अजून दर वेळी पदर घट्ट धरते, सुरू हो बाई, सुरू हो. कुणाची गाडी? खुन्यांची!

आणि मग कीज. एडवर्ड जी. रॉबिन्सनचा क्लेम मॅनेजर. खोटा क्लेम आला की त्याच्या पोटातला छोटा माणूस त्याला जेवू देत नाही. आत्महत्येचं कोष्टक त्याला तोंडपाठ: कुठल्या वंशाचे, कुठल्या धंद्यातले, कुठल्या ऋतूत, कुठल्या वेळी. आणि चालत्या आगगाडीच्या मागच्या टोकावरून उडी मारून कुणीही आत्महत्या करत नाही, हेही त्यालाच माहीत. आमच्याकडे असे एक साहेब होते. फाइल उघडायचे, पानं चाळायचे आणि म्हणायचे, "कागद फार स्वच्छ आहेत." खऱ्या अपघाताच्या फाइलीत नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेलं असतं, पंचनाम्यावर चहाचा डाग असतो, एखादा कागद हमखास राहिलेला असतो. खोटी फाइल पहिल्या दिवशीच पूर्ण असते.

आता ते प्रसिद्ध छायाप्रकाशाचं. जॉन साइट्झचं कॅमेऱ्याचं काम. व्हेनिशियन ब्लाइंडच्या, म्हणजे खिडकीच्या आडव्या पट्ट्यांच्या पडद्याच्या, सावल्या माणसांच्या अंगावर गजासारख्या पडतात. बंगल्यातली धूळ प्रकाशात तरंगताना दिसावी म्हणून हवेत ॲल्युमिनियमची पूड सोडली होती म्हणतात. सुंदरच आहे. पण ही सगळी मंडळी काही 'न्वार' बनवायला बसली नव्हती. वाइल्डर बर्लिनमध्ये पटकथा लिहायचा, हिटलर आला तसा १९३३ मध्ये तिथून बाहेर पडला. फ्रिट्झ लांग, रॉबर्ट सिओडमाक हे दिग्दर्शकही तिथूनच आलेले. जर्मन सिनेमातला अंधार त्यांनी सोबत आणला. युद्धात फ्रान्सला अमेरिकन सिनेमे बघायला मिळाले नव्हते, ते नंतर एकदम आले, तेव्हा १९४६ मध्ये नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यांना 'फिल्म न्वार' म्हटलं. बनवणारे आपले मेलोड्रामा नाहीतर क्राइम पिक्चर बनवत होते. आजचे मात्र न्वार बनवायचा असं ठरवूनच बसतात, मग कोट आधी शिवला जातो आणि त्यात घालायला माणूस शोधावा लागतो.

सगळ्यांबद्दल नाही म्हणत. 'चायनाटाउन' (१९७४) बहुतेक लख्ख उन्हात घडतो, लॉस एंजेलिसच्या पाण्याच्या भानगडीवर आहे, आणि तरी जातिवंत न्वार आहे. त्यातला सगळ्यात भयंकर म्हातारा जॉन ह्यूस्टनने केलाय, ज्याने १९४१ मध्ये 'द माल्टीज फाल्कन' हा न्वार दिग्दर्शित केला होता. 'बॉडी हीट' (१९८१) तर 'डबल इन्डेम्निटी'चाच फ्लॉरिडातल्या उकाड्यात वाढलेला मुलगा. चांगला आहे, पण घाम जरा जास्तच.

आपल्याकडचा गुरुदत्तचा 'बाजी' (१९५१) मला प्रिय आहे. धूर, जुगाराचा अड्डा, गीता दत्तचा आवाज, सगळं आहे. फक्त देव आनंद शेवटी खुनाच्या आळातून सुटतो. आपल्याला नायक सुटलेला लागतो हो. उजेड न्वारचा, पोटातली कळ नाही.

ती कळ मला श्रीराम राघवनच्या सिनेमात सापडली. 'जॉनी गद्दार'मध्ये (२००७) गद्दार कोण ते लपवायच्या भानगडीत तो पडतच नाही. आणि 'अंधाधुन' (२०१८) तर आपल्या पुण्यातच घडतो. आंधळ्याचं सोंग घेतलेला आकाश फ्लॅटमध्ये पियानो वाजवतोय, समोर प्रेत पडलंय, तब्बू आणि तिचा यार खुणांनी बोलत प्रेत हलवतायत, रक्त पुसतायत, आणि तो वाजवतोय. थांबला तर मेला. सगळं दिसतंय आणि दिसतंय म्हणायची सोय नाही. नंतर तक्रार द्यायला पोलिस स्टेशनात जातो, तर तिथला साहेब तोच यार! मी थिएटरमध्ये मोठ्याने हसले होते. पण बघा, आकाशचं मूळ पाप केवढंसं? आंधळा झालो तर संगीत सुधारेल, असं एक निमित्त.

अशी निमित्तं मला ओळखू येतात.

नोकरीचं तिसरं वर्ष असेल, तेव्हा मी अजून क्लेमला गेले नव्हते. संध्याकाळी पाचला एक ओळखीचे गृहस्थ आले. माझ्या लग्नात जेवून गेलेले, स्वभावाने चांगले. त्यांच्या गिऱ्हाइकाच्या टेम्पोला दुपारी अपघात झालेला, पॉलिसी दोन दिवसांपूर्वीच संपलेली. "मॅडम, कव्हर नोट मी बघतो. तुम्ही फक्त रजिस्टरला सकाळी अकराची एन्ट्री टाका." कव्हर नोट म्हणजे विमा उतरवल्याचा तात्पुरता कागद. थोडक्यात, अपघाताच्या आधीच नवा विमा उतरवला होता असं दाखवायचं. टेम्पोवाल्याला तीन मुली आहेत, हेही सांगितलं. हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

हा सिनेमा मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पाहिला, पण चाकवाल्याचं ते वाक्य ऐकलं आणि मला ते रजिस्टर आठवलं. कारण त्या वेळी माझ्या मनात हे बरोबर की चूक असं काही आलंच नव्हतं. मनात आलं ते एवढंच, की सकाळच्या नोंदी निळ्या शाईत आहेत आणि माझ्या हातातलं पेन काळं आहे. मी खण उघडून निळं पेन शोधलं. सापडलं. टोपण काढून पान उघडलं, तर साडेदहाच्या नोंदीखाली लगेच सव्वाबाराची, माझ्याच अक्षरात. मध्ये ओळ नव्हती.

"जागा नाहीये हो," मी त्यांना म्हणाले.

'जमणार नाही' नव्हे. 'जागा नाही.' ते बरं म्हणाले, चहा घेतला आणि गेले. निळं पेन माझ्या हातात तसंच उघडं होतं.