हात उचलणाऱ्यांसाठी काही नम्र सूचना

नागपंचमीनंतरचा रविवार आमच्या खानदेशात कानबाई देवीचा असतो. सुरतेपासून पुण्यापर्यंत पांगलेले भाऊबंद त्या दिवशी एका घरात जमतात, नथ-दागिन्यांनी सजवलेले नारळ चौरंगावर कानबाई होऊन बसते आणि रात्रभर गाणी चालतात. यंदा त्या गर्दीत माझ्या पुतण्याच्या सात वर्षांच्या मुलाने नैवेद्य दाखवण्याआधी ताटातली एक कुरडई उचलली आणि आमच्या भाऊबंदांतल्या एका आबांनी त्याच्या गालावर अशी चपराक ठेवून दिली की गाणाऱ्या बायकासुद्धा क्षणभर थबकल्या. पोर रडले नाही. अर्धी कुरडई त्याच्या मुठीत राहिली होती. ती तोंडात घालावी की ताटात परत ठेवावी, हे त्याला उमगत नव्हते. मी मध्ये पडलो, तेव्हा "नाना, तुमच्या लाडानंच पोरं वाया जातात" असे मलाच ऐकवण्यात आले. इतके जाणते लोक एकमुखाने बोलत असताना चूक माझीच असणार, असे मानून त्यांच्याकडून शिकलेल्या चार गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की मारायचे तर चारचौघांत मारावे, कारण एकांतातल्या मारात पोराला वळण लागले तरी आपला दरारा कोणाला दिसत नाही.

मारल्यावर "तुझ्या भल्यासाठीच मारलं" हे सांगायला विसरू नये.

शाळेच्या बाबतीत थोडी अडचण आहे. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यातील कलम 17 ने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यावर आणि त्यांचा मानसिक छळ करण्यावरही बंदी घातली आहे. परंतु यावरचा उपाय पालकांच्याच हाती असतो. वर्गशिक्षकांना भेटून "गुरुजी, हाडं आमची, कातडं तुमचं" एवढे सांगितले की कायदा आपोआप घरी जातो. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 ही सहा वर्षे साने गुरुजी शिकवत होते आणि वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणे आवरण्यात, खोल्या झाडण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता, ही बाब आपल्या भागाला अभिमानाची आहे. म्हणून त्यांची तसबीर वर्गात अवश्य असावी, 24 डिसेंबरला तिला हार घालावा आणि उरलेले वर्षभर तिच्याच खाली पोरांना ओणवे उभे करावे.

देवधर्माचा उपयोग या कामी फार होतो. आपला हात पोचत नाही तिथे देवीचा कोप पोचतो. आमचा हा मुलगा सोमवारी विसर्जनाच्या वेळी नदीवर तासभर पावसात भिजला आणि रात्री त्याला ताप भरला, तेव्हा पाऊस कोणालाच आठवला नाही. "कुरडई भोवली" यावर घरात तत्काळ एकमत झाले. चैत्रात उन्हातान्हातून शेकडो मैल पायी चालत आपण सप्तशृंगीच्या गडावर जातो, ते तिला आई म्हणून. आता ही आई एका कुरडईसाठी सात वर्षांच्या पोराला तापाने फणफणवत असेल, तर मग तिला आई कशासाठी म्हणावे, हा प्रश्न मनात आला तरी बोलून दाखवू नये, कारण पुढचा ताप आपल्याला येतो.

आता आबांच्या बागेविषयी. आबांची केळी पाहायला तालुक्यातून लोक येतात आणि यायलाच हवे. उतिसंवर्धित रोप लावले की ते त्याच्याभोवती पांढऱ्या कापडाचे क्रॉप कव्हर घालतात, बांधाला शेवरी आणि गजराज गवत लावून वारा अडवतात, ठिबकमधून पाणी आणि खत मोजून देतात, थंडीत चरका बसू नये म्हणून रात्री उठून बागेत जातात आणि घड निसवला की त्यालाही पिशवी घालतात. मला वाटते, हे सारे लाड ताबडतोब बंद व्हावेत. ज्या झाडाचा घड हलका भरेल त्याला सगळ्या बागेसमोर चाबकाने फोडावे, करपा आलेल्या पानाला "शेजारच्या बागेतलं पान बघ" असे सुनवावे, वाकलेल्या खोडाला टेकू न देता उन्हात अंगठे धरून उभे करावे. का नाही करत, आबा? झाड पिवळे पडले की तुम्ही आधी मुळाशी बसून माती उकरता, पाणी जास्त झाले की कमी, ते पाहता, दुकानदाराला पान नेऊन दाखवता. झाडाचा दोष आहे असे तुम्ही आजवर एकदाही म्हणाला नाहीत. आणि पोर चुकले की तपास नाही, चौकशी नाही, थेट कानफटात! केळीला वर्षभर धीर धरता, कारण व्यापारी घडाचे वजन करतो. पोराचे वजन कोणी करत नाही, म्हणून हा हात सुटतो.

गावकीच्या बाबतीत मी थोडक्यात आटोपतो. मुलीने स्वतःच्या मर्जीने लग्न केले तर माहेर तोडावे, दंड घ्यावा, पंगतीतून उठवावे, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा असल्यामुळे हे सर्व तोंडी करावे, कागद ठेवू नये.

आबा, आता सरळच बोलतो. तुम्हाला त्या पोराची काळजी नव्हती आणि कानबाईचीही नव्हती. पाहुण्यांसमोर आपल्या शब्दाबाहेर कोणी गेले, याचा तुम्हाला राग आला होता, आणि भरल्या घरात ज्याच्यावर तो काढता येईल असे ते एकच होते. मोठ्या भावाने बांध कोरला तेव्हा तुमचा हात उठला नव्हता. त्याला तुम्ही अजून दादा म्हणता. आणि आम्ही बाकीचे तीस-चाळीस जण, मीसुद्धा, दोन शब्द बोलून गप्प बसलो आणि तुमच्याच पंगतीला रोट खाल्ला.

सोमवारी नदीकाठी "कानबाई माता की जय" म्हणत तुम्ही हात वर केलात. त्या वेळी ते पोर दोन्ही गाल झाकून माझ्या धोतराआड गेले. तुम्ही पाण्याकडे पाहत होतात.