पहाट नियमात नाही

माझा आवाज ८२ आहे. वय नव्हे, वजन नव्हे, आवाज. कार्तिकातल्या पहाटे, हातात टाळ असताना, अकरा बायकांच्या देखत तो मोजला गेला आणि "सापडलं!" असं ओरडून जाहीर करण्यात आला. ओरडणाऱ्याचा किती भरला, ते कोणी मोजलं नाही.

आमच्या सोसायटीत महिला भजनी मंडळ आहे. कोजागिरी झाली की कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पार्किंगशेजारच्या हॉलमध्ये रोज पहाटे पाचला काकडा. माइक नाही, स्पीकर नाही. एक पेटी, एक पखवाज आणि बारा जणींचे टाळ. पखवाजाला वारज्याहून एक मुलगा येतो. यंदा त्याची बारावी आहे. तो डोळे मिटून वाजवतो. नवीन आलेल्यांना ती भक्ती वाटते, पण तो झोपलेला असतो. ठेका मात्र चुकत नाही, म्हणून आम्ही त्याला उठवत नाही.

तर त्या दिवशी वासुदेव चालू होता आणि दार ढकलून बी विंगचे काका आत आले. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, तीसुद्धा हनुवटीखाली बटण लावलेली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात वही.

"चालू द्या, चालू द्या. मी फक्त मोजतोय."

असं म्हटल्यावर काही चालू राहतं का? पेटी थांबली. पखवाज जागा झाला.

"काय मोजताय काका?"

"डीबी."

"बीपी?" अध्यक्षबाईंनी बाही वर करून हात पुढे केला.

"डीबी हो! डेसिबल. निवासी क्षेत्रात दिवसा ५५, रात्री ४५. केंद्र सरकारचे नियम आहेत, सन २०००चे. तुमचे ७४ भरताहेत आणि तेही दारातून."

"पण आता रात्र कुठंय? पहाट झाली की."

"पहाट नियमात नाही," काका म्हणाले. "सकाळी सहा ते रात्री दहा, दिवस. रात्री दहा ते सकाळी सहा, रात्र. तिसरं काही नाही."

मी नंतर खात्री करून घेतली, आणि खरंच नाही. मोरपिसांची टोपी घालून दारात येणारा वासुदेव, अंधार असतानाच येऊन भविष्य सांगणारा पिंगळा, जात्यावरच्या ओव्या, भूपाळ्या, काकडा. मराठी माणसाचं निम्मं गाणं सहाच्या आत उरकलेलं आहे, आणि सरकारनं ते सगळं रात्रीच्या खात्यात टाकून दिलं. एकनाथमहाराजांनी भारुडांत आंधळा घेतला, पांगळा घेतला, मुका, बहिरा, जोशी, कोणालाही सोडलं नाही. डेसिबल मोजणारा तेवढा राहून गेला. चारशे वर्षं थांबले असते तर तोही मिळाला असता.

आमच्यातल्या एक ताई कोर्टात कारकून होत्या. त्या म्हणाल्या, "काका, त्याच नियमात बंद सभागृहाला सूट आहे. आतल्या आत वाजवलेलं चालतं."

काकांनी फोनवाला हात खिडकीकडे केला. "काच फुटलेली आहे. म्हणजे सभागृह बंद नाही."

काच फुटून वर्ष होत आलं. ती बसवायची सोसायटीनं. सोसायटीचे सेक्रेटरी कोण, तर काका. पण हे बोलायचं कोणी? तेवढ्यात काका म्हणाले, "आता एकेकट्या म्हणा. कुठून जास्त येतोय ते बघू."

काका सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेत. गेल्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी जात होतं, तेव्हा त्यांनी असाच एकेक कॉक बंद करत अर्धी सोसायटी कोरडी ठेवून गळती शोधली होती. ती सी विंगमध्ये निघाली आणि काकांचा स्वतःच्या पद्धतीवर कायमचा विश्वास बसला.

मला वाटलं, आता आमच्या बायका खवळणार. कसल्या खवळताहेत! पदर सावरून, रांगेत बसून तयार. अध्यक्षबाईंनी तर पेटीवर काळी चार धरायला सांगितली. "रामकृष्णहरी" तीनदा म्हणायचं होतं, तिसऱ्या हरीला त्यांनी तान घेतली.

"६१," काका वहीत लिहीत म्हणाले.

"एकसष्टच? अहो, घसा बसलाय माझा. पुन्हा घ्या."

पुन्हा घेतला. ६६ आले. अध्यक्षबाईंनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि मफलर नीट केला.

मग माईंचा नंबर. त्या सगळ्यांत मोठ्या, आवाज आता पार खोल गेलाय. काकांनी आकडा पाहिला, ४८. म्हणाले, "वा! शाब्बास माई! असं पाहिजे."

तेव्हा कुठं सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की ही परीक्षा उलटी आहे. अध्यक्षबाई लगेच, "माझा पहिलाच धरा हं, एकसष्टचा. लहानपणापासून माझा आवाज कमीच आहे." पुढच्या सगळ्या इतक्या हळू म्हणाल्या की एकीच्या वेळी काकांनी दोनदा विचारलं, "झालं का म्हणून?" तिच्या नावावर बहुधा ट्यूबलाइटचा आकडा लागला. ज्या बायका गणपतीत एका आरतीला चार मजले उठवतात, त्या ह्या.

मी शेवटची. मला हळू म्हणता येत नाही. हळू बोलताही येत नाही. माझं माहेर शेतावरचं, जेवायला हाक मारायची ती विहिरीपलीकडच्या माणसाला. त्यातून मला हे असलं चोरून म्हणणं पटलंही नव्हतं. मी नेहमीसारखं म्हटलं. आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण मंडळात कोणी घेतलेली नाही. बाकी सगळ्यांच्या वेळी काका दाराशी खुर्चीत बसले होते. माझ्या वेळी उठून समोर आले, उकिडवे बसले आणि फोन माझ्या हनुवटीला लावला.

८२. "सापडलं!"

पखवाजवाल्या मुलानं टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, मी जिंकले.

त्यानंतर चहाचा थर्मास मध्ये ठेवून माझ्यासमोर माझ्याबद्दल सभा झाली. मी गाऊ नये असं कोणीच म्हणालं नाही. सगळ्या फार प्रेमानं बोलत होत्या, हेच वाईट. दाराशी बसवलं तर आवाज बाहेर जाणार, खिडकीशी तर काच नाही. शेवटी जागा ठरली आतल्या कोपऱ्यात, खुर्च्यांच्या थप्पीशेजारी, फुटक्या कॅरमबोर्डला लागून. "आणि तोंड जरा भिंतीकडे ठेव गं," अध्यक्षबाई म्हणाल्या, "म्हणजे शोषला जाईल." तेव्हापासून मी विठ्ठलाकडे पाठ करून काकडा म्हणते. ओवाळायच्या वेळी वळायची परवानगी आहे.

लेक इंजिनिअरिंगला आहे. तिला फोन करून सगळं सांगितलं, तर आधी पोटभर हसली आणि मग म्हणाली, "आई, मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आकडा सहानं वाढतो. त्यांनी तुझ्या तोंडाला फोन लावला तर ८२ येणारच, माईंचाही वाढला असता." शिवाय म्हणे बारा सारख्या आवाजांतला एक गप्प केला तर एकूण आवाज अर्धा डेसिबलही उतरत नाही. निम्म्या उठून गेल्या तर जेमतेम तीन. आणि साधं समोरासमोर बोलणंच साठाच्या आसपास असतं, म्हणजे काका "नियमात बसत नाही" असं म्हणाले तेव्हा ते स्वतःही बसत नव्हते. मी हे कागदावर लिहून मंडळात वाचून दाखवलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. "तरी पण तुझे ८२ आलेत ना," पेटीवाल्या ताई म्हणाल्या.

हाच आवाज एरवी वर्षभर चालतो, बरं का. रामनवमीला बरोबर बाराच्या ठोक्याला माइक बंद पडतो. दरवर्षी पडतो, त्यालाही सवय झालीय. सुंठवडा वाटायचा थांबतो आणि सगळ्या माझ्याकडे बघतात, "पाळणा तुम्ही उचला हो." श्रावणात मंगळागौरीला रात्रभर फुगड्या घालून सगळ्यांचे घसे बसले की पहाटेची गाणी माझ्या एकटीच्या जिवावर चालतात. नवरात्रात भोंडल्याला हत्तीभोवती फेर धरतो, तेव्हा पलीकडच्या टोकाला कोणत्या ओळीवर आहोत ते कळावं म्हणून मला मुद्दाम मध्ये उभं करतात. खिरापत ओळखायला मात्र कोणी विचारत नाही.

भाद्रपदात दहा दिवस पुरुषमंडळी गाण्यात येतात. वर्षभर हॉलकडे न फिरकलेली माणसं आमच्या हातातल्या झांजा काढून घेतात, आणि आरतीचा वेग असा की शेवटच्या कडव्यापर्यंत अर्धे लोक गळून पडलेले असतात. पण मजा येते, खोटं कशाला बोलू. कोणाला पाठ आहे, कोणाला नाही, शेजारच्याच्या ओठांकडे बघत नुसत्या शेवटच्या अक्षराला जोर. तेव्हा कोणी वही घेऊन येत नाही.

आणि आषाढवारी! पालख्या पुण्यात मुक्कामी आल्या, तुकोबांची नाना पेठेत आणि माउलींची भवानी पेठेत, की आम्ही बाराही जणी जातो. दिंडी जवळून जाताना एकदा बघाच. पुढे विणेकरी, मध्ये पखवाज, दोन्हीकडे टाळकरी, सगळी मिळून एकच चाल. सुरुवातीला आपला आवाज आपल्याला ऐकू येतो. मग लय चढते, टाळ एका घावात पडायला लागतात आणि कधीतरी तो ऐकू यायचा बंद होतो. आपण म्हणतोय का नुसतं तोंड उघडतोय, कळतच नाही. माझ्यासारखीला याचं फार अप्रूप. जन्मात पहिल्यांदा मी कोणाला जास्त होत नसते. शेजारचा सत्तरीचा म्हातारा माझ्यापेक्षा चढा लावत होता, सोलापूरकडचा असावा. मी त्याच्या पाया पडले तर म्हणाला, "म्हणा माउली, लाजू नका."

लाजू नका! आणि इथं मी कॅरमबोर्डाशी.

विसर्जनाचं काढतेच आता. पुण्याची मिरवणूक चोवीस तासांवर चालते. आमच्या रस्त्यावर त्या रात्री स्पीकरच्या भिंती उभ्या होत्या, एकेक ट्रकभर. खिडक्या थरथरत होत्या, कपाटातली भांडी आपापली जागा सोडत होती, माईंना छातीत धडधडतं म्हणून मागच्या खोलीत नेऊन झोपवावं लागलं. त्या रात्री काका कुठे होते? लोणावळ्याला. दरवर्षी जातात. आवाजाचा त्रास होतो त्यांना. लाऊडस्पीकरला सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं, हेही त्याच नियमांत आहे, पण ती भिंत बारालाही थांबली नाही आणि तिच्यासमोर कोणी फोन धरला नाही. कसा धरणार? भिंतीसमोर नाचणाऱ्या पोरांना "एकेकटे म्हणा" सांगून बघा. समोरच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट चाललंय, सकाळी सातपासून ब्रेकर. तिथल्या मुकादमाला काका लांबूनच नमस्कार करतात. मोजतात कोणाला, तर "जरा हळू" म्हटल्यावर ज्या लगेच टाळ खाली ठेवतील त्यांना. आम्ही ठेवले, त्याचाच राग आहे मला. काकांचा तेवढा नाही.

बरं, झोपमोड होते म्हणावं तर काका चारला उठतात. साडेचारला त्यांचा गीझर, पावणेपाचला प्राणायाम. मला कसं माहीत? माझी बाल्कनी त्यांच्या बेसिनच्या बरोबर वर आहे. लेकीनं तेच अ‍ॅप माझ्या फोनमध्ये घालून दिलंय. भस्त्रिका ५८. गुळण्या ६४. आणि शिंक! काकांची शिंक तीन भागांत येते, पहिले दोन तयारीचे. तिसरीला ७९, मजल्याचं अंतर धरून. हनुवटीशी फोन लावायची संधी मिळाली तर नव्वदीच्या पुढं जाईल, लेक म्हणते. वेळ पहाटे ५.४०. म्हणजे नियमानं रात्र, मर्यादा ४५.

तक्रारअर्ज लिहून तयार आहे. आकडे, वेळ, अंतर, सगळं रकाने आखून, खाली बारा सह्यांची जागा. माईंनी वाचायच्या आधीच सही केली. पखवाजवाल्या पोरानंही केली, त्याला सांगितलं क्लासचा फॉर्म आहे. अध्यक्षबाई मात्र अडल्यात. म्हणतात, अर्जासोबत काकांची वही पुरावा म्हणून जोडायची असेल तर त्यात त्यांच्या नावापुढचे ६६ खोडून आधी ६१ करा.