दोन पोर्टाचं लॅन कार्ड मागतो ना भाऊ!
राऊटर म्हणून घरीच पीसी बांधून राहिलो, ओपीएनसेन्स (पीसीला राऊटर-फायरवॉल बनवणारं सॉफ्टवेअर) टाकायचंय, अन् सीताबर्डीत कोणत्याही दुकानात जा, तेच, "वायफाय राऊटर घेऊन घ्या ना, नाहीतर ग्राफिक कार्ड लावून देतो". अरे ग्राफिक कार्ड कशाला पाहिजे? एक पोर्ट मोडेमकडे, एक घरातल्या स्विचकडे, म्हणून दोन पोर्ट, अन् ओपीएनसेन्स फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते, तिच्यात इंटेलचं लॅन कार्ड नीट चालते म्हणून इंटेलची चिप, आय३५० असली की झालं. चौथ्यांदा हेच समजावलं तर यूएसबी अडॅप्टर हातात दिलं! चोवीस तास चालणारी मशीन आहे ही, नागपूरच्या ४५ डिग्रीत, इंटेलच्या एन१०० सारखा ६ वॅटचा प्रोसेसर पुरतो तिला, अन् हे ६५० वॅटचा पॉवर सप्लाय गळ्यात मारून राहिले. माणूस काय मागतो ते आधी ऐकून तर घ्या!