बाहुली मोठी झाली का?

काल डोळे तपासायला चालत गेलो आणि रिक्षात चाचपडत बसून परत आलो. "पडदा बघायचाय" म्हणत सिस्टरनं दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब टाकले आणि डोळे मिटून बाकावर बसवलं. दुसऱ्या खेपेला घशात कडूजहर काहीतरी उतरलं. डोळ्यातून नाकात आणि नाकातून घशात वाट असते. डोळ्याचा आतला कोपरा दाबून धरला तर औषध फारसं उतरत नाही. हे मला शेजारच्या काकांनी सांगितलं. गिळून झाल्यावर.

"मला चढतच नाही," काका अभिमानानं म्हणाले. "पाचवा राउंड. साखर आहे ना, बाहुली हट्टी होते."

सिस्टरनं टॉर्च मारला. "काका, अजून नाही हां."

"बघा! तुमचं दोनातच काम झालं." एखाद्या पार्टीत पहिल्या ग्लासाला आडवा झालेल्याकडे बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं असावं. मला दिसत कुठे होतं!

अब्रू राखायला मी शास्त्र काढलं. बाहुली आवळणाऱ्या स्नायूला ॲसिटिलकोलीन नावाचं शरीरातलं रसायन निरोप देतं, थेंबांतलं ट्रॉपिकामाइड तो दारातच अडवतं. जवळचं दिसण्यासाठी भिंग फुगवणारा स्नायूही त्याच निरोपावर चालतो, म्हणून मोबाइलवरची अक्षरं मुंग्या होतात. जोडीचं फिनाइलेफ्रिन पलीकडून बाहुली ताणतं, ते वेगळंच.

"म्हणजे धोतरा," काकांनी एका शब्दात निकाल लावला.

चिडलो, कारण फारसं चुकीचं नव्हतं. धोतऱ्यातलं ॲट्रोपिन याच जातकुळीचं.

"आमच्या गावात एकाच्या डोळ्यात धोतऱ्याचा रस उडाला. एक बाहुली बटणाएवढी, दुसरी मोहरीएवढी. त्याच आठवड्यात मुलगी बघायला गेला. मोडलं."

इटलीत म्हणे बायका सुंदर दिसायला बेलाडोनाचा रस डोळ्यांत घालत; बेलाडोना म्हणजेच सुंदर स्त्री. मी आरशात पाहिलं. घुबड. तेही अंधुक.

एवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं कागद पुढे केला. "वाचून सही करा."

"अहो, तुम्हीच थेंब घातलेत ना?"

"हो सर. इथे, खाली."

केली. जिथे बोट ठेवलं तिथे. बाहेर उन्हानं असं झोडपलं की रिक्षावाल्याला 'रात्रीची कितीला पडली?' विचारावंसं वाटलं असणार.

संध्याकाळी अक्षरं परत आली. कागदावर लिहिलं होतं, 'वरील मजकूर मी वाचला असून तो मला समजला आहे.' खाली बिल. थेंबांचे वेगळे पैसे, आणि दोन डोळ्यांचे दोनदा.

काकांना पाच राउंडचे किती पडले असतील?