भांडणाचे मिनिट्स

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला इंग्रजीत रजा मागता येते, भांडता येत नाही. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं आणि जे शिकवलं जायचं ते सगळं कमरेत वाकून: आय बेग टू स्टेट, काइंडली ग्रँट मी, युअर ओबीडियंट प्युपिल. समोरच्याला चार शब्द सुनवायचे असतील तर कुठले, याचा धडाच नव्हता. त्यामुळे संताप अनावर झाला की आमची गाडी 'नॉनसेन्स'वर येते आणि तिथेच बंद पडते.

यावाचून माझं काही अडलं नव्हतं. पण ठाण्यात घोडबंदर रोडवर, कासारवडवलीच्या अलीकडे, आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी झालो. 'इडियट' हा शब्द मूळचा ग्रीक. सार्वजनिक कामात लक्ष न घालता फक्त स्वतःचं बघणाऱ्या खासगी माणसाला ते लोक 'इडिओटेस' म्हणत. आमच्याकडे ग्रीक अर्थाने इडियट असलेले सभेला येत नाहीत. गणपूर्तीला दोन तृतीयांश सभासद किंवा २० जण, यांतला लहान आकडा पुरतो. तेवढेही जमत नाहीत. मग सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि आलेल्यांवर चालते. हे आलेले म्हणजे इंग्रजी अर्थाचे इडियट. त्यांच्यातूनच सेक्रेटरी निवडतात.

सभासद मराठी, गुजराती, सिंधी, मल्याळी असे मिसळलेले, म्हणून मिनिट्स, म्हणजे सभेचं इतिवृत्त, इंग्रजीत. भांडणं मात्र मराठीत. तिसऱ्या मजल्यावरचे मल्याळी काकासुद्धा मराठीतच भांडतात. हिंदीत जोर येत नाही म्हणतात. वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. म्हणजे पावसाने गळलेली छतं आणि गणपतीच्या पाहुण्यांनी भलतीकडे लावलेल्या गाड्या, दोन्ही ताजं असताना. माजिवड्याच्या पुलाखाली रिक्षावाले एकमेकांना जे ऐकवतात, त्याचे मिनिट्स कोणी मागत नाही. मला मात्र सगळं लिहून काढून सह्या घ्याव्या लागतात.

यंदा ए-४०२ आणि बी-७०४ यांची पार्किंगवरून जुंपली. ४०२ म्हणाले, "रस्ता काय तुमच्या तीर्थरूपांनी घेऊन ठेवलाय?" मी लिहिलं, 'ड्राइव्हवेच्या मालकीबाबत विचारणा करण्यात आली', अर्थात इंग्रजीत. ७०४ म्हणाले, "पांढरे पट्टे दिसत नाहीत? डोळे फुटले का?" मी लिहिलं, 'पार्किंगमधील दृश्यमानतेबद्दल चिंता व्यक्त झाली.' चेअरमन मध्ये पडले, तर ४०२ त्यांच्यावर उलटले. "तुम्ही वर बसून उंटावरून शेळ्या हाकू नका, खाली या!" याचं झालं, 'माननीय अध्यक्षांनी प्रत्यक्ष जागेची पाहणी करावी, अशी विनंती.' या मिनिट्सवरून कमिटीने पार्किंगमध्ये दोन नव्या एलईडी ट्यूब बसवल्या. डोळे फुटण्याच्या प्रश्नावर इतकी तत्पर कारवाई ठाण्यात दुसरीकडे कुठे झाली नसेल.

पण खरा छळ वेगळाच. अकराव्या मजल्यावर एक साहेब राहतात. ते सभेला येत नाहीत, ग्रुपवर लिहितात. कमिटीने लिफ्टशेजारी सूचनापेटी लावली, त्यावर त्यांचा मेसेज आला: 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट, इट इज अ ब्रेव्ह डिसिजन.' खजिनदार खूश झाले. चेअरमन म्हणाले, आभाराचा मेसेज टाका. जॉइंट सेक्रेटरींना मात्र 'ऑल'मध्ये काहीतरी खुपत होतं. ड्यू रिस्पेक्ट समजू शकतो, पण 'ऑल' कशाला? देणेकऱ्याने एकदम सगळी बाकी चुकती केली की संशय यावाच. आम्ही चौघं वॉचमनच्या केबिनबाहेर उभं राहून, आपला अपमान झाला आहे की नाही, यावर चर्चा करत होतो. शेवटी मतदान झालं. दोन विरुद्ध दोन.

सून ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. ती रात्री साडेनऊला घरी आली, मेसेज वाचला आणि पर्स न ठेवताच हसत सुटली.

"बाबा, आमच्याकडे कोणी आपल्या निर्णयाला ब्रेव्ह म्हटलं ना, की आम्ही बायोडेटा काढून नीटनेटका करून ठेवतो."

"आणि रिस्पेक्ट?"

"तो शब्द आला, की पुढच्या वाक्यात तो नसणार हे नक्की."

मग तिने मला तिथला सगळा बाजार दाखवला. 'अ‍ॅज पर माय लास्ट ईमेल' म्हणजे डोळे फुटले का, फक्त ट्यूब बसवायची गरज नाही. 'जेंटल रिमाइंडर' म्हणजे लाज वाटत नाही का. 'नोटेड' म्हणजे चालते व्हा. अशा नोकरीत ही मुलगी दिवसभर हसतमुख कशी राहते, कोण जाणे. माझी तक्रार इतकीच की आमच्या भाषेत अपमान झाला तर माणूस जागच्या जागी उसळतो. हा दुपारी झालेला अपमान मला ऐरोलीची बस आल्यावर कळतो, आणि तोवर मी त्या साहेबांना लिफ्टमध्ये हसून नमस्कार केलेला असतो.

या कलेत मुरलेले खरे इंग्रजच. त्यांच्या पार्लमेंटात सहकाऱ्याला 'लायर' म्हणता येत नाही. शब्द मागे घेतला नाही तर स्पीकर बाहेर काढू शकतो. म्हणून १९०६ मध्ये चर्चिल यांनी खोटेपणाला 'टर्मिनॉलॉजिकल इनएक्झॅक्टिट्यूड', म्हणजे शब्दयोजनेतली अचूकतेची उणीव, असा झगा चढवला. १९८६ मध्ये ब्रिटनचे कॅबिनेट सेक्रेटरी रॉबर्ट आर्मस्ट्राँग ऑस्ट्रेलियातल्या कोर्टात साक्षीला उभे राहिले, तेव्हा 'इकॉनॉमिकल विथ द ट्रुथ' हे शब्द गाजले. सत्याच्या बाबतीत काटकसर! आमच्या खजिनदारांना यात गैर काय तेच कळेना. आपल्या लोकसभेच्या सचिवालयाकडेही असंसदीय शब्दांचं संकलन असतं. २०२२ मध्ये गाजलेल्या यादीत 'ड्रामा', 'करप्ट', 'इन्कॉम्पिटंट' हे शब्द होते. ते वगळले तर आमची वार्षिक सभा चहा येण्याआधी संपेल.

पाहुण्यांची गाडी 'पाचच मिनिटं' उभी होती, असं ४०२ सभेत म्हणाले होते. ती गौरी आल्यापासून गेल्यापर्यंत हलली नव्हती. मी मिनिट्समध्ये चर्चिलचा झगा जसाच्या तसा चढवला. कोणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घ्यायची तर आधी तो शब्द उच्चारावा लागला असता.

हरकत आली ती भलत्याच जागी. सभेच्या शेवटी ४०२ नी ७०४ ना 'दीडशहाणा' म्हटलं होतं आणि मी 'अत्यंत जाणकार सभासद' अशा अर्थाचं इंग्रजी लिहून मोकळा झालो होतो. ४०२ नी कमिटीला लेखी अर्ज दिला: मी या गृहस्थांची स्तुती केल्याचं दाखवण्यात आलं आहे, माझी बदनामी थांबवा. दुसऱ्या दिवशी ७०४ चाही अर्ज आला. माझा भर सभेत अपमान झाला असून तो रेकॉर्डवर आलाच पाहिजे. वर्षभर एकमेकांच्या मजल्यावर लिफ्ट थांबली तरी तोंड फिरवणारी ही दोन माणसं सोसायटीच्या ऑफिसात शेजारी-शेजारी बसली आणि मला बरोबर शब्द सांगू लागली. ४०२ चा आग्रह देवनागरीचा होता. ७०४ ना कंसात वेळही हवी होती.

दुरुस्ती मंजूर झाली. सूचक ए-४०२, अनुमोदक बी-७०४. विरोधात कोणी नाही. अकराव्या मजल्यावरच्या साहेबांनी ग्रुपवर लिहिलं, 'नोटेड.'