सेवा करायचीय ना? मग चालू मॅच थांबवू नका

आज सकाळी डोकंच फिरलं माझं. आमच्या लीगची मॅच चालू, शेवटच्या ओव्हर्स, रन्स जास्त नि बॉल कमी, आणि गेटमधनं दोन गाड्या भरून माणसं आली, बॅनर, केळ्यांच्या पाट्या आणि चाकाचा स्पीकर घेऊन. आली ती थेट पिचवर. "पाच मिनिटं थांबा, फळवाटप आहे." आणि स्पीकर सुरू.

अहो, अंधांचं क्रिकेट आहे हे! बॉलच्या आत छर्रे असतात, तो खुळखुळ वाजत येतो, त्यावर पोरं बॅट फिरवतात. तुम्ही स्पीकर लावला म्हणजे नाईट मॅचमध्ये ग्राउंडचे लाइट घालवले. मग सगळ्यांना एका ओळीत उभं केलं, हातात एकेक केळं, फोटो. एक ताई डोळे पुसत म्हणाल्या, मागच्या जन्माचं असतं हो हे सगळं. पोरांसमोर! त्यांना दिसत नाही, ऐकू सगळं येतं.

आमचा एक कॅप्टन आहे, बी-वन, म्हणजे अजिबात दिसत नाही. मागे एका मॅचला तो स्वीप मारायला गेला नि बॉल हुकला, स्टंपला जरासा घासून मागं गेला. अंपायर होते आमच्यातलेच एक काका, लई भाविक माणूस, आषाढीला दिंडीत चालत पंढरपूरला जाणारे. त्यांनी बघितलं, पण म्हणाले, "नॉट आऊट, नॉट आऊट, खेळ बाळा." पोरगं ग्लोव्हज काढत म्हणालं, "काका, स्टंप लोखंडी आहेत. मला ऐकू आलंय. आऊट आहे मी." आणि रनरचा कोपर धरून चालू पडलं.

तेव्हापासून सेवा म्हटलं की मला ते "आऊट आहे मी" आठवतं. त्याला खेळायचं होतं, आणि काका त्याला दान देत होते.

मी देव मानणारा माणूस आहे, हे तुम्हा सगळ्यांना माहितीय. रविवारी ग्राउंडवर जातो तो पण त्याच श्रद्धेनं, आणि तुमच्यातल्या निम्म्या लोकांना तिथं मीच ओढून नेलंय. पण आपण सिद्धेश्वरांच्या गावचे की! बाराव्या शतकात त्यांनी तळं खोदलं ते लोकांना पाणी मिळावं म्हणून, त्याला कायक म्हणतात, अंग मोडून केलेलं काम. संक्रांतीला सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, निघतात, ते पेलायला माणसं किती दिवस आधीपासून सराव करतात हे सोलापूरकराला मी काय सांगू, नुसती भक्ती आहे म्हणून काठी पेलत नाही, तोल शिकावा लागतो. मग अंपायरिंगला उभं राहताना नियम शिकायला काय होतं? अकरात किमान चार बी-वन लागतात, त्यांनी काढलेली रन डबल धरायची, बी-वन फिल्डरनं एक टप्पा पडून कॅच घेतला तरी आऊट, बॉल अंडरआर्म टाकायचा आणि पिचच्या मधल्या रेषेआधी त्याचा टप्पा पडायलाच पाहिजे, बॉलर आधी "रेडी?" विचारणार, बॅट्समन "येस" म्हणणार, मग "प्ले" म्हणून बॉल सुटणार. एवढंच तर आहे. तेवढा वेळ शांत बसायचं.

आणि बिचारा बिचारा कुणाला म्हणता? मुरलीकांत पेटकर आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ ला हायडेलबर्ग पॅरालिम्पिकला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात गोल्ड, भारताचं पहिलं. आणि पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं! आटपाडीकडचा सचिन खिलारी, २०२४ ला पॅरिसला गोळाफेकीत सिल्व्हर. २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या अंध मुलींनी पहिलाच टी-ट्वेन्टी वर्ल्ड कप जिंकून आणला. यातलं कुणी कीव केल्यामुळं तिथवर पोचलेलं नाही. कुणीतरी रोज बॉल टाकला असेल, वेळ लावली असेल, चुकलं तर चुकलं म्हणून सांगितलं असेल.

बरं, मान्य. आज आलेल्यांपैकीच एकानं मागं आमच्या किटचे पैसे दिलेत, ते मी विसरलो नाही.

पण किट दिलं म्हणून चालू मॅच थांबवायची? कॅप्टन सेट झाला होता आज, परत आल्यावर दुसऱ्याच बॉलला गेला. कुणाला काही बोलला नाही. मला बोलायचंय म्हणून हे लिहितोय.

लिहिता लिहिता जरा शांत झालोय, तर हे पण सांगतो. आमच्यात एक रिक्षावाले चाचा आहेत, रमजानमध्ये रोजा धरून, पाण्याचा थेंब न घेता, पोरांना घरून आणतात आणि सोडतात. भजनी मंडळातल्या एक मावशी आहेत, घरात कन्नड बोलतात, क्रिकेट आयुष्यात बघितलं नव्हतं. त्या नव्या माणसाला पहिली गोष्ट सांगतात, हात धरून ओढू नको रे, तुझा कोपर पुढं कर, तो धरतो. यातलं कुणी पोरांच्या डोक्यावरनं हात फिरवत नाही, उशिरा आलं तर मावशी सरळ झापतात. पोरं पण त्यांना उलट बोलतात, चिडवतात, हक्कानं चहा मागतात. आणि ते दिंडीवाले काका, ते नियम लिहून घेऊन पाठ करून आले. आता कॅप्टन आऊट असला की बोट वर करतात आणि मोठ्यानं "आऊट" ओरडतात, कारण नुसतं बोट वर करून त्याला कळणार नाही.

तर ज्यांना खरंच यायचंय त्यांनी या. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. अंपायर कमी आहेत, स्कोअर लिहिणारा तर एकच आहे आणि डबल रन्समध्ये त्याचा गोंधळ होतो. सीझन संपेपर्यंत येणार असाल तरच नाव सांगा, मध्येच सोडणारे नकोत, पोरं आवाज ओळखायला लागली की वाट बघतात. शनिवारी संध्याकाळी मी नियम समजावून सांगीन, मेसेज टाका.